घरी जोडायचे जादूचे साहित्य: घेण्यापूर्वी आणि प्रयोगापूर्वी ते कसे तपासावे

जादूचे प्रयोग शिकू पाहणाऱ्याच्या हाती हल्ली तयार वस्तूऐवजी ‘स्वतः जोडा’ प्रकारचे साहित्य अधिक वेळा येते. कधी कापलेल्या पट्ट्या, एखादा आरसा, दोन बिजागऱ्या आणि चार पानांचे सूचनापत्रक एका खोक्यात येते, तर कधी मोबाईलवर नुसता आराखडा येतो आणि सारे सामान आपणच जमवायचे असते. असे साहित्य चांगले की वाईट, हे बहुतेक जण प्रयोग फसल्यावर ठरवतात. ते आधीच ठरवता येते, आणि कसे ठरवायचे तेच येथे सांगितले आहे.

मी परभणी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. विज्ञानाच्या तासाला, बाल आनंद मेळाव्यात आणि गणेशोत्सवात मी मुलांसमोर छोटे प्रयोग करतो. त्यासाठी मी ‘नाणे गायब करणाऱ्या पेटी’चे साहित्य मागवले होते. ती पेटी मला दोनदा बांधावी लागली, आरसा दोनदा कापून आणावा लागला आणि पहिल्या प्रयोगात रहस्य मुलांनीच उघडे पाडले. पुढे सांगितलेली प्रत्येक तपासणी त्या अनुभवातून आलेली आहे. उदाहरण म्हणून तीच पेटी घेतली असली, तरी पद्धत कोणत्याही साहित्याला लागू पडते.

पेटीची रचना आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे सारे स्पष्ट होईल. चौकोनी पेटीची समोरची बाजू उघडी असते आणि वरच्या झाकणाला नाणे टाकायची फट असते. आत एक आरसा तिरपा बसवलेला असतो: त्याची वरची कड समोरच्या बाजूला झाकणाला टेकलेली आणि खालची कड मागच्या भिंतीच्या तळाशी. आरशाचे तोंड खाली आणि समोर असल्यामुळे त्यात पेटीचा तळ दिसतो आणि पाहणाऱ्याला तो तळ म्हणजेच मागची भिंत वाटते. म्हणजे पेटी पूर्ण रिकामी भासते, पण तिचा मागचा अर्धा भाग आरशाआड असतो. फटीतून टाकलेले नाणे त्या भागात पडते आणि समोरून पाहणाऱ्याला ते हवेत विरल्यासारखे वाटते.

हे रहस्य सांगण्यात मला गैर वाटत नाही. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये जादूगार कर्नल स्टोडेअर यांनी ‘स्फिंक्स’ नावाचा प्रयोग केला. त्यात टेबलाच्या पायांमध्ये बसवलेल्या आरशांमुळे टेबलाखालची जागा मोकळी दिसत असे आणि वर ठेवलेल्या पेटीतले मुंडके बोलत असे. आरशांत दिसत होते ते बाजूचे पडदे, आणि लोकांना वाटत होते की आपण मागचा पडदा पाहत आहोत. या तत्त्वाला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत आणि ते आता शालेय विज्ञानात बसते. मात्र एखाद्याने कष्टाने तयार केलेला विकतचा आराखडा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कृपया करू नका.

लागणारे साहित्य आणि कागद

साहित्य तपासण्यासाठी पुढील गोष्टी हाताशी ठेवा: मोजपट्टी किंवा टेप, गुण्या, खोक्याचा जाड पुठ्ठा, कटर, चिकटपट्टी, घरातला छोटा आरसा, तुमच्या प्रयोगात वापरायची खरी वस्तू (येथे दहा रुपयांचे नाणे) आणि एक वही. कागदांमध्ये बिल, विक्रेत्याने वस्तूबद्दल दिलेल्या वर्णनाचे पडदाचित्र (स्क्रीनशॉट), परतीच्या अटी आणि सूचनापत्रकाची एक जादा प्रत एवढे पुरे. ती प्रत रेघा मारण्यासाठी, टिपणे लिहिण्यासाठी आणि डिंकाच्या हातांनी धरण्यासाठी आहे. मूळ प्रत स्वच्छ राहू द्या.

१. प्रयोग कोठे होणार ते आधी लिहा

साहित्य मागवण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहा: प्रेक्षक कोठे बसतील, किती उंचीवर बसतील, उजेड कोठून येईल आणि तुमच्या मागे कोणी उभे राहील का. हे नव्या माणसाला अनावश्यक वाटते. मीही ते केले नव्हते.

बहुतेक आराखडे दिवाणखाना किंवा रंगमंच डोळ्यांसमोर ठेवून काढलेले असतात. तिथे पाहणारा खुर्चीवर समोर बसतो आणि उजेड दिव्यांचा असतो. आपल्याकडे प्रयोग होतो तो शाळेच्या मैदानात, मंदिराच्या सभामंडपात किंवा गल्लीतल्या मांडवात. मुले सतरंजीवर जमिनीलगत बसतात, मोठी माणसे मागे उभी राहतात, दोन-चार जण हमखास बाजूला आणि थोडे मागेही सरकलेले असतात, आणि दुपारचे ऊन ताडपत्रीच्या फटींतून आत येते. विक्रेत्याच्या वर्णनात ‘सर्व बाजूंनी पाहता येते’ असे लिहिले असेल, तर ते या चार ओळींशी ताडून पाहा. आरशावर आधारलेले कोणतेही साहित्य सर्व बाजूंनी पाहता येत नाही. ते तसे असल्याचा दावा कोणी करत असेल, तर त्या वर्णनातील बाकीच्या दाव्यांकडेही सावधपणे पाहावे.

२. खोके उघडताना चित्रण करा

पार्सल उघडताना मोबाईलवर सलग चित्रण करा आणि यादीतील प्रत्येक भाग मोजून बाजूला ठेवा. भाग कमी असेल किंवा आरसा फुटलेला असेल, तर हेच चित्रण तुमचा पुरावा असतो. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरही निराकरण झाले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. माझ्या पार्सलमध्ये एक बिजागरी कमी होती, मी चित्रण केले नव्हते आणि विक्रेत्याने ते मान्य केले नाही. बिजागरी तालुक्याच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळाली, म्हणून मी तो विषय सोडून दिला. आरसा फुटलेला असता तर तसे करता आले नसते.

३. सूचनापत्रक हाताला काहीही न लावता पूर्ण वाचा

सूचनापत्रक हे साहित्याचाच एक भाग आहे आणि बऱ्याचदा तोच सर्वांत कच्चा भाग असतो. पहिल्या वाचनात फक्त समजून घ्या. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पायरीपुढे लिहा की ती करताना कोणता भाग हातात लागेल आणि तो आधीच्या पायरीत तयार झाला आहे का. या एका सवयीमुळे क्रमातल्या चुका बांधणी सुरू होण्यापूर्वीच उघड होतात. माझ्या पत्रकात आरसा बसवण्याची पायरी सातवी होती आणि आतून कागद चिकटवण्याची नववी. आरसा बसल्यावर कोपऱ्यात हातच जात नाही, त्यामुळे कागदाला सुरकुत्या पडल्या आणि आरशावर डिंकाची बोटे उमटली. कागद आधी आणि आरसा शेवटी, हाच योग्य क्रम आहे.

चांगल्या पत्रकात पाच गोष्टी असायलाच हव्यात. प्रत्येक भागाची जाडी दिलेली असावी. माप आतून धरायचे की बाहेरून, ते स्पष्ट असावे. प्रेक्षक किती अंतरावर आणि कोणत्या कोनात असावेत, ते सांगितलेले असावे. एक प्रयोग झाल्यावर साहित्य पुन्हा तयार कसे करायचे, ते असावे. आणि प्रयोग करताना हात कोठे ठेवायचे व बोलायचे काय, याबद्दल किमान अर्धे पान असावे. यांपैकी तिसरी गोष्ट नसेल, तर लिहिणाऱ्याने ती पेटी प्रेक्षकांसमोर कधी वापरलेलीच नाही, असे मी आता समजतो. माझ्या पत्रकात ती नव्हती.

चित्र आणि मजकूर यांचा मेळही पाहा. पत्रकाने आतून पट्ट्यापट्ट्यांचा कागद लावायला सांगितले होते, पण सोबतच्या छायाचित्रात आत चौकटींचा कागद होता. मला दोन्ही सारखेच वाटले. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. बाजूच्या भिंतीवरची आडवी रेघ ४५ अंशांच्या आरशाला भिडते, तेव्हा तिचे प्रतिबिंब उभे दिसते, म्हणजे रेघ मध्येच काटकोनात मोडते आणि आरशाची तिरकी कड डोळ्यांना स्पष्ट कळते. चौकटींच्या कागदावर आडव्या आणि उभ्या रेघा सारख्याच अंतरावर असल्यामुळे हे मोडणे लपते. साधा, एकरंगी, न चमकणारा कागदही चालतो. मजकूर आणि चित्र वेगळे सांगत असतील, तर साधारणपणे चित्रावर विश्वास ठेवा, कारण चित्र काढण्यासाठी कोणाला तरी ती वस्तू बनवावी लागलेली असते.

पत्रक इंग्रजीत असेल आणि मोबाईलवरून भाषांतर केले असेल, तर मापे आणि ‘आत’, ‘बाहेर’, ‘मागे’, ‘समोर’ हे शब्द मूळ पानाशी ताडून घ्या. ‘समोर’ म्हणजे प्रेक्षकांच्या समोरची बाजू की जादूगाराच्या समोरची, याचा घोळ फार होतो. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने ‘प्रेक्षकांकडे’ किंवा ‘माझ्याकडे’ असे लिहून टाका.

४. मापांची परीक्षा घ्या

आराखडा छापून घ्यायचा असेल, तर झेरॉक्सच्या दुकानात छपाई पूर्ण मापात, शंभर टक्क्यांवर करायला सांगा. संगणक पान कागदात बसवण्यासाठी आकार आपोआप लहान करतो आणि ते डोळ्यांना कळत नाही. अमेरिकी आराखडे बहुधा लेटर आकारात असतात, म्हणजे २१.५९ बाय २७.९४ सें.मी.; आपला ए-४ कागद २१ बाय २९.७ सें.मी.चा आहे. आराखड्यात १० सें.मी.ची चाचणीची रेघ दिलेली असेल, तर पट्टी लावून मोजा. नसेल, तर कोणताही एक भाग मोजून लिहिलेल्या मापाशी ताडा.

त्यानंतर मापे एकमेकांशी जुळतात का, ते पाहा. माझ्या पत्रकात पेटीच्या सर्व फळ्या २० बाय २० सें.मी. आणि आरसा २८.३ सें.मी. लांब होता. चौरसाचा कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो, म्हणून २० ला २८.३ बरोबर आहे आणि मी निर्धास्त झालो. मात्र ते पत्रक घेऊन गावातल्या सुतारकाकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: “गुरुजी, हे माप आतून धरायचं का बाहेरून?” मी सांगितले, “जसं लिहिलंय तसं करा.” ते माझे चुकले. पेटी बाहेरून २० सें.मी. झाली. ६ मि.मी. प्लायच्या दोन फळ्यांची जाडी वजा जाता आतली जागा १८.८ सें.मी. उरली आणि तिचा कर्ण २६.६ सें.मी. भरला. २८.३ सें.मी.चा आरसा त्यात बसणे शक्यच नव्हते. पहिला आरसा तिथेच वाया गेला.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडचे सुतार इंच आणि सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत सुमारे ३.२ मि.मी. पत्रक मिलिमीटरमध्ये असेल, तर ‘दोन सूत प्लाय’ आणि ‘६ मि.मी.’ यांत थोडा फरक पडतो. लाकडात तो खपून जातो, आरशाच्या खाचेत खपत नाही. म्हणून आरसा कापून घेण्यापूर्वी तयार पेटीचा आतला कर्ण आणि आतली रुंदी तीन-तीन ठिकाणी स्वतः मोजा आणि प्रत्येकाच्या सर्वांत लहान मापातून २ मि.मी. कमी करून तेच माप काचवाल्याला द्या. कागदावरचे माप देऊ नका.

५. आधी पुठ्ठ्याची पेटी करा

प्लायला हात लावण्यापूर्वी किराणा दुकानातून आणलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्याची तीच पेटी चिकटपट्टीने जोडा आणि आत घरातला छोटा आरसा तिरपा टेकवा. यासाठी तासभर पुरतो. ही पेटी देखणी नसते, पण क्रम, मापे आणि दिसण्याचे कोन या तिन्हींची परीक्षा एका दमात होते. दोरी, रुमाल किंवा पत्त्यांच्या साहित्यालाही हेच लागू आहे: महाग वस्तू कापण्यापूर्वी तोच भाग रद्दी कागदाचा करून पाहावा. ज्या साहित्याचा पुठ्ठ्याचा नमुना अजिबात काम करत नाही, ते लाकडात केल्याने काम करू लागेल, अशी आशा धरू नका.

६. प्रेक्षकांच्या जागी बसून पाहा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यायचा आहे. आरशासमोर उभे राहून स्वतःच सराव करण्याचा सल्ला सगळे देतात, पण तुम्ही उभे असता आणि तुमचा प्रेक्षक बसलेला असतो. पेटी टेबलावर ठेवा, प्रेक्षक जिथे बसणार तिथे जाऊन बसा, आणि त्यातही सर्वांत लहान मूल जिथे बसेल तिथे डोके न्या.

माझ्या पहिल्या प्रयोगात दुसरीची मुले अगदी पुढे होती. नाणे टाकण्यापूर्वीच एक मुलगी म्हणाली, “सर, पेटीच्या वरच्या अंगाला तांबडं कापड दिसायलंय!” टेबलावर लाल कापड अंथरलेले होते आणि पेटी आतून पिवळी होती. उभ्या असलेल्या शिक्षकांना कोणालाच काही दिसत नव्हते, पण पहिल्या दोन रांगांना स्पष्ट दिसत होते.

याचे कारण साधे आहे. पेटीकडे समोरून सरळ किंवा थोडे वरून पाहिले, तर आरशात फक्त पेटीचा तळ दिसतो. खालून वर पाहिले, तर आरशाच्या वरच्या भागावर पडणारी नजर परावर्तित होऊन तळाच्याही पुढे, पेटीच्या उघड्या तोंडातून बाहेर जाते आणि टेबलाच्या कापडावर पडते. हा दोषी पट्टा किती रुंद असेल, ते पाचवीच्या गणिताने काढता येते: पेटीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची वजा मुलाच्या डोळ्यांची उंची, भागिले मुलाचे अंतर, गुणिले पेटीची आतली उंची.

टेबल ७५ सें.मी. आणि पेटी २० सें.मी., म्हणून वरची कड सुमारे ९५ सें.मी.वर. मांडी घालून बसलेल्या लहान मुलाचे डोळे सुमारे ५५ सें.मी.वर. फरक ४० सें.मी. मूल २ मीटर अंतरावर असेल, तर ४० भागिले २०० गुणिले २०, म्हणजे वरचे ४ सें.मी. दोषी. मूल १ मीटरवर असेल, तर ८ सें.मी., म्हणजे जवळजवळ अर्धी पेटी. ४ मीटरवर असेल, तर फक्त २ सें.मी.

या हिशेबातून तीन उपाय निघतात आणि मी तिन्ही वापरतो. पहिला, पेटीच्या तोंडाला वरच्या बाजूने दोषी पट्ट्याएवढ्या रुंदीची चौकट लावणे. मी ४ सें.मी.ची पट्टी लावली आणि शोभेसाठी तशीच पट्टी खालीही लावली, पण अरुंद. दुसरा, पेटी खाली आणणे. टेबलाऐवजी ४५ सें.मी. उंचीच्या स्टुलावर पेटी ठेवली, की वरची कड ६५ सें.मी.वर येते, फरक १० सें.मी. उरतो आणि २ मीटरवरून दोष केवळ १ सें.मी. राहतो. चौरंगावर ठेवली तर दोष पूर्ण नाहीसा होतो, पण मागच्या रांगांना पेटी दिसत नाही. तिसरा उपाय सुतारकाकांनी सुचवला आणि तो मला सर्वांत आवडला: पेटीचा तळ तोंडापुढे ६ सें.मी. वाढवून त्यावर आतला कागद तसाच पुढे आणणे. आता नजर बाहेर गेली, तरी तोच पिवळा कागद दिसतो. तळ वाढवल्यापासून मात्र एक पथ्य पाळावे लागते: त्या वाढीव भागावर हात किंवा नाणे ठेवायचे नाही, कारण तेही आरशात दिसते.

बाजूंची परीक्षा सोपी आहे. एका माणसाला पेटीसमोर अर्धवर्तुळात चालायला सांगा आणि जिथे त्याला पहिल्यांदा काहीतरी विचित्र दिसेल तिथे खडूने खूण करायला सांगा. दोन्ही बाजूंच्या खुणांमधली जागा हीच तुमच्या प्रेक्षकांची हद्द. प्रयोगाच्या दिवशी सतरंजी त्या हद्दीतच अंथरायला लावा आणि मागची बाजू भिंतीला लावून घ्या.

उजेडासाठी पेटी प्रयोगाच्या वेळेलाच, त्याच जागी ठेवून पाहा. परिपाठाच्या वेळी सकाळचे ऊन तिरपे येते. ते पेटीच्या तोंडातून आरशावर पडले, तर तळावर लखलखीत कवडसा उमटतो आणि आरसा आहे हे कोणीही ओळखतो. पेटीचे तोंड उन्हाकडे करू नका.

७. आरसा, चिकटवण आणि मराठवाड्याचा उन्हाळा

पत्रकात ‘आरसा’ एवढेच लिहिलेले असेल, तर काच की ॲक्रिलिक, हा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. २० बाय २८ सें.मी.चा ३ मि.मी. जाड काचेचा आरसा सुमारे ४२० ग्रॅम भरतो आणि तेवढाच ॲक्रिलिकचा सुमारे २०० ग्रॅम. ॲक्रिलिक फुटत नाही, म्हणून मुलांमध्ये तो बरा; पण त्याला ओरखडे लवकर पडतात आणि तो किंचित वाकतो, त्यामुळे चौकटींच्या रेघा लाटेसारख्या दिसतात. त्याच्या मागे प्लायचा तुकडा लावल्यास हा दोष बराच कमी होतो. काचेचा घेतलात, तर जितका पातळ तितका चांगला, कारण आरशाचा लेप मागच्या बाजूला असतो आणि काचेच्या जाडीएवढी रेघ तळाच्या सांध्यावर दिसते. काचवाल्याकडून चारही कडा घासून घ्यायला विसरू नका.

चिकटवण्यासाठी साधे, आंबट वासाचे सिलिकॉन वापरू नका. त्यातील आम्लामुळे आरशाच्या मागचा लेप खराब होतो आणि काही महिन्यांत काळे डाग उमटतात. न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मागून घ्या. ग्लू गनची कांडी पटकन चिकटते म्हणून नवे लोक तीच वापरतात, पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त ताप होतो. त्यात ही चिकटवण मऊ पडते. माझा दुसरा आरसा शाळेत पोहोचेपर्यंत खाचेतून सरकलेला होता. आता मी आरशाला वर आणि खाली लाकडी पट्टीचा आधार देतो आणि चिकटवण फक्त जोडीला ठेवतो. पत्रकात केवळ चिकटवण सांगितलेली असेल, तर तुम्ही आधाराची पट्टी नक्की घाला.

८. आवाज ऐका

नाणे पडल्यावर ‘टण्’ असा आवाज आला, तर मुले लगेच पेटीच्या मागे धावतात. आरशाच्या मागच्या बाजूला आणि नाणे जिथे पडते तिथे जाड मखमल किंवा फेल्ट चिकटवा. याचा दुसरा फायदा असा, की नाण्यांच्या माराने आरशाचा लेप खरवडला जात नाही. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मि.मी. आहे, फट ३० मि.मी.ची ठेवा, म्हणजे ते अडकत नाही आणि ढकलावेही लागत नाही. डोळे मिटून दहा वेळा नाणे टाका आणि घरातल्या कोणाला तरी दोन मीटरवर बसवून ऐकायला सांगा.

९. किती वेळा आणि किती लवकर

चांगले साहित्य सलग वीस वेळा चालले पाहिजे. वहीत वीस रेघा मारा आणि प्रत्येक वेळी काय झाले ते एका शब्दात लिहा. तीनपेक्षा जास्त वेळा काही बिघडले, तर ती सरावाची उणीव की साहित्याचा दोष, ते शोधा: दुसऱ्या माणसाच्या हातूनही तेच बिघडत असेल, तर दोष बहुधा साहित्याचा असतो. पुन्हा तयार व्हायला किती वेळ लागतो, तेही मोजा. एकामागून एक तीन वर्गांसमोर प्रयोग करायचा असेल आणि नाणी काढायला मागची फळी स्क्रूने उघडावी लागत असेल, तर ती पेटी शाळेच्या कामाची नाही. मी मागच्या फळीला बिजागरी आणि लोहचुंबकाची पट्टी लावून घेतली.

१०. कोणते साहित्य नव्या माणसाने घेऊच नये

ज्यात आग, ठिणगी, रसायन किंवा धारदार पाते आहे, असे घरी जोडायचे साहित्य पहिल्या वर्षी घेऊ नका. भपकन पेटणारा कागद, आपोआप पेटणारी भुकटी यांचे वर्णन आकर्षक असते, पण मांडवाचे कापड आणि दाटीवाटीने बसलेली मुले यांचा विचार त्या पत्रकांत नसतो. पत्रकात रसायनाचे नाव न देता नुसते ‘पाकीट क्र. १’ आणि ‘पाकीट क्र. २’ लिहिलेले असेल, तर ते साहित्य कितीही स्वस्त असले तरी परत करा.

११. सूचनापत्रकातले बोलणे आपल्या भाषेत आणा

पत्रकातले संवाद बहुधा परक्या वातावरणातले असतात आणि तसेच म्हटले, तर मुले गप्प बसतात. मी नाणे ‘बाजारला गेले’ असे सांगतो आणि आठवडी बाजाराचा वार विचारतो. मुले वार सांगेपर्यंत माझा हात फटीपासून दूर गेलेला असतो. बोलण्याचे काम हेच आहे: लपवायच्या क्षणी लक्ष दुसरीकडे असावे. पत्रकात कोणत्या शब्दावर कोणती हालचाल करायची ते दिलेले नसेल, तर तुम्ही स्वतः तसे लिहून काढा.

यात एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. पैसे गायब करणारा किंवा वाढवणारा प्रयोग आमच्या भागात केवळ करमणूक राहत नाही, कारण ‘पैशांचा पाऊस’ पाडून देतो म्हणून लोकांना लुबाडणारे भोंदू आजही आहेत. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. म्हणून प्रयोगाच्या सुरुवातीलाच मी सांगतो की ही हातचलाखी आणि विज्ञान आहे. एखाद्या पत्रकात ‘मंत्रशक्ती’ किंवा ‘सिद्धी’ असल्याचे भासवायला सांगितले असेल, तर ते वाक्य पेनने खोडून टाका.

सातवीच्या वर्गाला मी नंतर पेटी मागून उघडून दाखवतो, आरसा बाहेर काढतो आणि दोषी पट्ट्याचे गणित फळ्यावर सोडवायला देतो. गेल्या खेपेला एका मुलाने पेटीची उंची ३० सें.मी. धरली, तर चौकट किती रुंद लागेल ते काढून दिले: त्याच स्टुलावर, त्याच अंतरावरून, ३ सें.मी. नवी पेटी आता त्याच मापाची बांधतो आहे.